अबोला नाई, मौन होतं

"आई, मी बाळंतपणाले आर्णीले येत नाई. इथंच नेरले राहते."

माही पोरगी प्रियंका फोनवर हे बोलली तवा माह्या तोंडात टाचण्या होत्या अन मांडीवर एका मास्तरीणबाईचं ब्लाउज होतं. टाचण्या होत्या म्हून बरं, नाई तर तोंडातून जे पहिलं निघालं असतं ते तिकडं जवायानं बी ऐकलं असतं. म्या टाचण्या काढल्या, डब्बीत टाकल्या अन इचारलं, "काहून?"

"तिथं माहं डोस्कं शांत राहत नाई. तू बोलते, आई. सकाळपासून जे चालू होते ते झोपेपर्यंत. डॉक्टर म्हणतात बीपी वाढू द्याचं नाई. इथं शांत असते."

आता तुम्हीच सांगा! पहिलं बाळंतपण, माय जिती-जागती, घर मोठं, दवाखाना जवळ, अन पोरगी सासरी बाळंत होणार. काहून? तर मायच्या तोंडानं बीपी वाढते म्हून! सासू देवमाणूस अन माय कजाग. मंग काय, माह्या तोंडाचा पट्टा सुटला. "राहा तिथंच. मले कायची गरज पडली हाये! लाडू बी त्यायच्याच हातचे खा, अन लेकराले बी सांग की तुले आजी एकच हाये!" फोन आपटला. समोरचा चहावाला गिलास धुता धुता थांबला. मास्तरीणबाई ब्लाउज घ्यायले आली होती, ते दारातूनच म्हणाली, "मी उद्या येते हं सत्यशीलाताई." अन गेली.

माहं नाव सत्यशीला. आर्णीत बसस्टँडच्या मागं माहं ब्लाउजचं दुकान हाये. फिटिंग अशी की यवतमाळच्या बाया कपडा घेऊन येतात. पण बोलणं तिखट, हे बी सगळ्यायले माहीत. मी म्हणत असे, नावातच सत्य हाये, खोटं गोडगोड मले जमत नाई. माहे मालक धम्मरत्न, शाळेत शिपाई होते, आता रिटायर. त्यायचं बोलणं म्हणजे जुन्या जमान्यातली तार. एक शब्द जास्त गेला तर जसे पैसेच लागतात. संध्याकाळी त्यायले म्या सगळं सांगतलं, पोरगी कशी बोलली, काय बोलली. ते जेवता जेवता म्हणाले, "खरं हाये."

"काय खरं हाये?"

"ते."

त्या दिवशी त्यायले भाजी दुसऱ्यांदा भेटली नाई.

पण रात्रभर ते 'खरं हाये' कानात वाजत राह्यलं. लोक काय म्हणतीन हे तर होतंच. पोरगी काहून नाई आली हो, असं सगळी गल्ली इचारन. पण खरं सांगू? लोकायचं मले तेवढं नव्हतं. मले माही पोरगी पाह्यजे होती. तिच्या बाळाचं पहिलं आंघोळीचं पाणी माह्या हातानं तापलं पाह्यजे होतं. प्रियंकाले पाचवा लागला होता. सातव्यात पोरगी माहेरी येते. म्हणजे माह्यापाशी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा वेळ होता. म्या ठरवलं, पोरीले आणीनच. रडून नाई, याही-इहिणीच्या पाया पडून नाई. हे तोंडच सुधरवीन, मंग पाहू कशी येत नाई ते.

रविवारी पांढरी साडी नेसून विहारात गेली. वंदना उकंडाजी घेतात. पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस, पण आवाज खणखणीत. त्रिसरण झालं, पंचशील झालं, साधु-साधु झालं. लोक उठाले लागले तशी मी उभी राह्यली.

"उकंडाजी, रागासाठी शील हाये का?"

बाया हसल्या. आमच्या गल्लीतली रूपाली तर तोंडाले पदर लावून हसली. तिचं ब्लाउज माह्याकडंच शिवाले होतं, हे ते विसरली.

उकंडाजी हसले नाईत. म्हणाले, "पाचात नाई. पण पुढं दहा हायेत, त्यात हाये. पालीत कठोर बोलण्याले 'फरुसा वाचा' म्हणतात. त्यापासून दूर राहणं. पण सत्यशीला, जनमभराचं घेऊ नको. आठवड्याचं घे. या रविवारपासून त्या रविवारपर्यंत."

मी हात जोडून सगळ्यायच्या समोर घेतलं. छाती भरून आली. अन बाहेर येऊन पाह्यते तं माही चप्पल कोणीतरी घालून गेलेलं! नवी चप्पल! "कोणत्या आंधळ्याचे पाय हायेत वं हे?" हे म्या एवढ्या जोरात म्हटलं की आतून उकंडाजी चष्मा पुसत बाहेर आले.

"तुटलं शील," मी म्हटलं. माहं तोंड एवढंसं झालं होतं.

"मंग?" ते म्हणाले. "आपण दर रविवारी तेच पाच शील काहून घेतो? मांगच्या रविवारी घेतले होते ना?"

लहानपणापासून म्हणत आली, पण हे कधी डोस्क्यात आलं नाई. मले वाटे, पाठ राहावं म्हून घेतो.

"तुटतात म्हून घेतो," ते म्हणाले. "न तुटणाऱ्या माणसाले विहारात याची गरजच नाई. पुढच्या रविवारी ये. अन उलसं लहान घे."

तर असं सुरू झालं. दुसऱ्या रविवारी त्यायनं मले एवढंच सांगतलं की, या आठवड्यात रागवायचं असन तितकं रागव, पण राग अंगात कुठून येते ते पाह्य. मी म्हटलं, हे काय काम झालं? राग काय पाहुणा हाये का, बसस्टँडवर उतरते अन चालत येते? पण पाह्यलं. अन खरंच सांगते, ते येते तसंच. माहे पह्यले कान तापतात. मंग गळ्यापाशी कायतरी घट्ट होते. मंग डावा हात आपोआप पदराले जाते अन पदर कमरेत खोचल्या जाते. पदर खोचला की गाडी सुटली. हे तिसरं मले ठाऊकच नव्हतं, मालकायनं सांगतलं. "प्रियंका लहान असतानी पदराकडं पाहून पळे," म्हणाले. त्यायच्या हिशोबानं हे फार मोठं भाषण झालं.

म्या त्यायलेच कामाले लावलं. मी पदर खोचला की तुम्ही बोला. मंग आमच्या घरात दिवसभर एकच आवाज: "पदर!" दूधवाला आला, "पदर!" लाईट गेली, "पदर!" एकदा मी खरंच भांडी घासाले पदर खोचला होता तरी हे आतून ओरडले. मले हसू आलं. राग येता येता हसू आलं, हे माह्या आयुष्यात पह्यल्यांदा झालं.

पुढच्या आठवड्याचं काम कठीण होतं. उकंडाजी म्हणाले, "राग आला असं म्हणू नको. दुसरा शब्द शोध." मी म्हटलं, रागाले रागच म्हणतात ना? ते म्हणाले, "शोधून तर पाह्य."

तर पह्यला शब्द काय सापडला? भूक! दुपारी चार वाजता मी ज्या ज्या गिऱ्हाइकावर खेकसली ते सगळं भुकेनं. सकाळी खाल्लेल्या पोळीवर मशीन चालवाचं अन चार वाजता रुपीबाई तांड्यावरून येऊन म्हणणार, "सत्यशीला, गळा उलसा खोल करून दे." मंग तिले सुनावाचं. आता मी चार वाजता दोन बिस्किटं खाते. अर्धी भांडणं तिथंच मिटली. हसू नका, खरं हाये.

पण रुपीबाईचंच एक दुसरं झालं. तिच्या सुनेचं ब्लाउज घेऊन ते परत आली, म्हणे बाही तंग झाली. मी म्हणाली, "सून जाड झाली असन." कान तापले. गळा घट्ट झाला. हात पदरापाशी गेला अन तिथंच थांबला. म्या बाही उलटून पाह्यली. माप माहंच चुकलं होतं. हा राग नव्हता बाप्पा, ही तर लाज होती. मी रुपीबाईले म्हटलं, "बाई, चुकलं माहं. मले लाज वाटून राह्यली." रुपीबाईनं माह्या कपाळाले हात लावून पाह्यला. ताप तर नाई ना आला इले, असं तिले वाटलं.

एवढं सगळं चांगलं चालू होतं, अन तिथंच मी शेफारली. प्रियंकाचा फोन मी अजून घेत नव्हती, म्हणजे ते बी मले करत नव्हती. मालकाले फोन करून ख्यालीखुशाली इचारे, मी कान लावून ऐके. दिवस सरून राह्यले होते. मले वाटलं, हे असं उलसं उलसं करत बसली तर नातू शाळेत जाईन तरी माहं तोंड सुधरत नाई. उकंडाजी तवा पोराकडं अमरावतीले गेलते. इचारायले कोणी नाई. म्या मनानंच मोठं शील घेतलं. दर रविवारी मौन. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत एक शब्द नाई. विपश्यनेच्या शिबिरात लोक दहा-दहा दिवस न बोलता बसतात, माह्यानं एक दिवस होत नाई का?

झालं. पह्यला रविवार कठीण गेला. मशीनचा पट्टा तुटला तरी बोलली नाई. मालक घाबरून घरभर फिरत होते. अन दुपारी फोन वाजला. प्रियंका! आज तिनं बापाले म्हटलं, "आईले द्या." मले बाजूनं ऐकू आलं. माह्या जीवात जीव आला. पोरगी निवळली! पण मौन होतं ना. म्या ठरवलेलं ते ठरवलेलं, म्या नाई म्हून मान हलवली. मनात म्हटलं, पुढं कळन तिले, मायनं तिच्यासाठी काय केलं ते. तिले किती नवल वाटन.

मालकायनं माह्याकडं पाह्यलं, फोनकडं पाह्यलं अन त्यायच्या तारेत सांगतलं, "ते बोलत नाई."

बस. 'ते बोलत नाई.' एवढंच. पुढं एक शब्द नाई, मांगं एक शब्द नाई.

दुसऱ्या रविवारी तसंच. "आईले द्या ना बाबा." "बोलत नाई ते." मी तिकडं बसून गालातल्या गालात हसून राह्यली होती, डोळे मिटून. तिसऱ्या रविवारी फोनच आला नाई. मले वाटलं, कामात असन पोरगी.

मंग बुधवारी इंदुताईचा फोन आला. इंदुताई म्हणजे प्रियंकाची सासू. हे बाई एवढ्या हळू बोलते की फोन कानात घुसवावा लागते.

"इहीणबाई, एक इचारू? राग नका मानू. पोरीसोबत अबोला कायले धरला?"

"अबोला? म्या?"

"तीन रविवार झाले. रडते, जेवत नाई. म्हणते, आई ओरडली असती तर चाललं असतं, पण आईनं बोलणंच सोडलं. काल डॉक्टरकडं नेलं, बीपी वाढलेला निघाला. आता आम्ही इथंच नाव नोंदवून टाकतो. पुढच्या आठवड्यात."

माह्या हातून कात्री पडली. अबोला! आमच्या खानदानात बायायनं भांडी आदळली, दारं आपटली, पण अबोला म्या आयुष्यात कोणाशी धरला नाई. अबोला धरणारा माणूस म्हणजे त्याच्यासाठी समोरचा मेला. माह्या पोरीले हे ठाऊक होतं. ओरडणारी माय गप झाली म्हणजे संपलंच सगळं, असं तिले वाटलं. अन इकडं मी डोळे मिटून पुण्य कमावून राह्यली होती!

"तुम्ही तिले काय सांगतलं?" म्या मालकायले इचारलं.

"बोलत नाई म्हून."

"मौन हाये म्हून नाई सांगतलं?"

ते इचारात पडले. "तेच ना?"

पदर खोचला गेला. त्यायनं 'पदर' म्हणायची बी हिंमत केली नाई. मी पिशवी उचलली अन बसस्टँडवर गेली. दुकान उघडंच राह्यलं, मालकायनं लावलं असन.

आर्णीवरून यवतमाळ, यवतमाळवरून नेर. बसमध्ये खिडकीपाशी जागा भेटली. दोन्ही बाजूनं वावरात कापूस वेचून राह्यले होते अन माहे कान असे तापले होते की खिडकीचा वारा बी लागत नव्हता. राग कोणावर? पह्यले मालकावर. मंग इंदुताईवर, म्हणे आम्ही नाव नोंदवून टाकतो! मंग प्रियंकावर, माय कशी हाये हे तिले एवढे वर्षं ठाऊक नाई का? यवतमाळ येईपर्यंत एकेकाले म्या मनातल्या मनात धुऊन काढलं. नेरची बस लागली तवा धुवायले कोणी उरलंच नव्हतं. मंग म्या तेच केलं जे रुपीबाईच्या बाहीच्या वेळी केलं होतं. सत्यशीला, हा राग नाई. दुसरा शब्द शोध.

भूक? नाई. लाज? होती थोडी. पण खाली अजून काई होतं. बस गचके खाऊन राह्यली होती अन मी शोधून राह्यली होती. लवकर सापडला नाई. सापडला तवा नेरच्या पह्यले उतरावं अन रस्त्याच्या कडेले बसून रडावं असं वाटलं. पण उतरली नाई. हा शब्द पोरीले नेऊन द्याचाच, असं ठरवलं.

घर आलं. ओट्यावर इंदुताई तूर निवडत होत्या. आत प्रियंका पलंगावर पाठ करून बसलेली. पोट दिसत होतं. माही पोरगी केवढी दिसून राह्यली होती, अन केवढीशी!

"आता बोलाले आली?" ते भिंतीकडं पाहूनच म्हणाली. "एवढे दिवस अबोला धरला अन आता आली?"

अन माय वं! बसमध्ये एवढं सगळं गोळा केलेलं ते एका झटक्यात गेलं. "अबोला नाई, मौन होतं ते! मौन!" मी असं ओरडली की शेजारची बाई लाटणं घेऊन दारात आली. मौन हा शब्द एवढ्या जोरात या महाराष्ट्रात कोणी उच्चारला नसन. जवाई संघदीप आंघोळीचा टॉवेल खांद्यावर घेऊन मोरीतून डोकावला.

मले माहाच आवाज भिंतीवरून परत ऐकू आला.

मी कमरेत खोचलेला पदर सोडला. खाली बसली, तिच्या पलंगापाशी, फरशीवर. "प्रियंका," म्या म्हटलं, "मले येत नाई नीट बोलता, पण ऐक. तू झाली तवा माही माय नव्हती. ते वर्षभर आधीच गेलती. मी सासरी बाळंत झाली. मले पाणी देणारं कोणी नव्हतं असं नाई, सासू होती, जावा होत्या. पण कोणी माह्या डोक्यावरून हात फिरवला नाई. मी भिंतीकडं तोंड करून रडली अन तू बाजूले रडली. तवा म्या ठरवलं का माह्या पोरीचं असं होऊ द्याचं नाई. अन तू म्हणते, येत नाई. फोनवर मी एवढं ओरडली, सगळ्या आर्णीनं ऐकलं. पण मले राग नव्हता आला वं. मले वाईट वाटलं. लय वाईट वाटलं. अन आता मले भेव वाटते, का तू बी भिंतीकडं तोंड करशीन अन मी तिथं नसीन."

'मले वाईट वाटलं.' म्या हे वाक्य आयुष्यात कोणाले म्हटलं नव्हतं. तोंडातून काढतानी असं वाटलं की दुसऱ्याचं ब्लाउज अंगात घालून राह्यली.

प्रियंका वळली. तिचे डोळे सुजलेले. मले वाटलं, आता गळ्यात पडन. तर ते माह्याहून जोरात ओरडली, "मंग हे असं सांगाचं ना, आई!" शेजारीण बाई लाटणं घेऊन परत आली. "मले लहानपणापासून काय वाटे, माहीत हाये? तू ओरडायची त्याचं मले काई नव्हतं. तू ओरडून सैपाकघरात जायची अन दार लोटून घ्यायची. मंग काईच नाई. माहं काय चुकलं, मले कधी कळलंच नाई. मी दाराबाहेर बसून राहायची. अन आता..." तिचा आवाज फाटला. "आता मी बी तेच करते. परवा याच्यावर ओरडली, टॉवेल ओला ठेवला म्हून. अन आत जाऊन दार लावलं. मी आर्णीले येत नव्हती ते तुह्या भेवानं नाई. माह्या भेवानं. तिथं आली तर दोघी मिळून ओरडू. पोटातलं लेकरू काय ऐकन?"

संघदीपनं खांद्यावरचा टॉवेल हळूच दोरीवर टाकला.

इंदुताई तुरीचं सूप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरी शांत असते हे खरं हाये, इहीणबाई. पण आमच्या घरी कोणी कोणाले काई सांगतच नाई. तीस वर्षं झाली." अन परत ओट्यावर जाऊन बसल्या. हे बाई मले त्या दिवशी पह्यल्यांदा आवडली.

प्रियंकानं नाक पुसलं. माह्याकडं सरळ पाह्यलं, अगदी माह्यासारखं, भुवई वर करून. "मले एक वचन दे, आई. मी येते. पण लेकरासमोर तू ओरडणार नाई. कधीच नाई. दे वचन."

सगळं तिथंच होतं, माह्या हातात. हो म्हटलं की झालं. पोरगी पुढच्या महिन्यात आर्णीले, माह्या घरी, माह्या हातच्या पाण्यानं लेकराची आंघोळ. एक अक्षर. कोणती माय म्हणणार नाई? माही जीभ हो म्हणाले उचलली बी होती.

पण मले माहं तोंड ठाऊक हाये. एका चपलेनं शील तुटलेली बाई मी. जनमभराचं वचन दिलं असतं तर ते घरी पोहोचेपर्यंत, परतीच्या बसमध्येच कंडक्टरवर तुटलं असतं. अन मंग लेकराच्या पह्यल्या महिन्यात मी ओरडली असती, प्रियंकानं पेटी उचलली असती, अन यापुढं माह्या कोणत्याच शब्दावर तिनं भरोसा ठेवला नसता.

"नाई," म्या म्हटलं.

"नाई?"

"नाई देत वचन. मी ओरडीन. कमी ओरडीन, चार वाजता बिस्किटं खाऊन ओरडीन, पण कधी तरी ओरडीनच. खोटं कायले सांगू? एक सांगते, दार नाई लावणार. ओरडली की तिथंच बसीन, अन मले काय झालं होतं ते तुले सांगीन. वाईट वाटलं, लाज वाटली, भेव वाटलं, जे असन ते. एवढंच माह्यानं होते. दर आठवड्याले नव्यानं ठरवीन. याच्यावर यायचं असन तर ये. नाई तर नाव नोंदव इथं. मी रोज बसनं येत जाईन, पण येणं सोडणार नाई."

प्रियंका उठली, पोटाले हात लावून, अन आतल्या खोलीत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. मले वाटलं, झालं. हातातलं घालवलं. काय अडलं होतं तुह्यं हो म्हणाले, सत्यशीला? कान नाई तापले, पदर नाई खोचला. फक्त रडू आलं, ते म्या येऊ दिलं.

थोड्या वेळानं दार उघडलं. प्रियंका दारातच उभी राह्यली, पालथ्या मुठीनं डोळे पुसत.

"हो म्हटली असती तर मी नसती आली," ते म्हणाली. "मंग मले कळलं असतं का तू अजून बी मले खरं सांगत नाई." ते येऊन माह्याजवळ फरशीवर बसायले लागली, पोटामुळं बसता येईना, म्या हात दिला. "आत्ता म्या दार काहून लावलं, सांगू? मले लय खुशी झाली अन ते तुह्यासमोर दाखवायची लाज वाटली."

अन तिनं माह्या डोक्यावरून हात फिरवला.